दारावर अडवलेले सहाजण: न्यूयॉर्क, २ जुलै १९३९

रविवारची दुपार. मॅनहॅटनमध्ये ईस्ट ५९व्या रस्त्यावर, ११० क्रमांकाच्या इमारतीत कॅरॅव्हॅन हॉल नावाचं भाड्याने मिळणारं सभागृह. विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं पहिलं 'जागतिक' संमेलन थोड्या वेळात आत सुरू व्हायचंय. दाराशी सहा तरुण उभे आहेत आणि त्यांना आत सोडलं जात नाहीये. त्यांच्यातल्या एकाचा आज सोळावा वाढदिवस आहे. दुसऱ्याने, जगाचा म्हणावा असा मेळावा न्यूयॉर्कात भरवू या, ही कल्पना दोन वर्षांपूर्वी सगळ्यांत आधी मांडली होती. आणि त्यांना अडवणाऱ्या अध्यक्षमहाशयांना एकोणीस पूर्ण होऊन जेमतेम दोन दिवस झालेत.

चाहत्यांनी पुढे या प्रसंगाला कायद्याच्या थाटात 'ग्रेट एक्स्क्लूजन ॲक्ट' असं नाव दिलं. कायदा वगैरे काही नव्हता. तोच तर सगळा घोळ होता, आणि म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

पत्ते छापले, तिथून सुरुवात

एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढलं. लक्झेंबर्गहून अमेरिकेत आलेला हा माणूस रेडिओचे सुटे भाग विकता विकता मासिकांच्या धंद्यात शिरला होता. निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं इंग्रजीतलं हे पहिलं मासिक. मुखपृष्ठं फ्रँक आर. पॉलची: पिवळंधमक आकाश, लाल अजस्र यंत्रं आणि त्यांच्यापुढे मुंगीएवढी माणसं. कागद इतका हलका की पानांच्या कडा हातात चुरायच्या.

पण आपल्या कामाची गोष्ट मासिकाच्या शेवटच्या पानांवर होती. वाचकांची पत्रं छापताना गर्न्सबॅक पत्रलेखकाचं नावच नाही तर घराचा संपूर्ण पत्ताही छापायचा. आज कुणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी नोटीस येईल. तेव्हा मात्र त्या चार ओळींनी किमया केली. एखाद्या गावातल्या पोराला वाटत असायचं की असलं खूळ डोक्यात घेऊन फिरणारे आपण एकटेच. त्याला अचानक कळलं की तीन गल्ल्या सोडून आणखी एक येडा राहतो. पत्रापत्री सुरू झाली, मग भेटीगाठी, मग मंडळं, आणि मंडळ आलं की मुखपत्र आलंच. १९३० साली 'द कॉमेट' निघालं. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेल्या पत्रिकांमध्ये, म्हणजे ज्यांना आज फॅनझीन म्हणतात त्यांच्यात, ते पहिलं धरतात. ज्यांना परवडायचं ते सायक्लोस्टाइल करत. बाकीचे हेक्टोग्राफवर भागवत: ताटलीत थापलेली जेली, तिच्यावर जांभळ्या शाईचा मूळ कागद दाबायचा आणि एकेक कोरा कागद ठेवून उचलायचा. पन्नासेक प्रतींनंतर अक्षरं फिकी पडत जात. त्या काळातल्या कित्येक हाणामाऱ्या अशा फिक्या जांभळ्या शाईत झालेल्या आहेत.

दरम्यान दिवाळं निघून 'अमेझिंग' गर्न्सबॅकच्या हातून गेलं होतं आणि त्याने 'वंडर स्टोरीज' उभं केलं होतं. या नव्या मासिकातून १९३४ मध्ये त्याने 'सायन्स फिक्शन लीग' जाहीर केली. बिल्ला, प्रमाणपत्र आणि गावोगावी शाखा. हेतू अर्थात खप वाढवायचा. पण शाखा खरोखरच निघाल्या: न्यूयॉर्कात, फिलाडेल्फियात, लॉस एंजेलिसात, थेट इंग्लंडमधल्या लीड्समध्येसुद्धा. धंद्यासाठी पेरलेलं बी भलत्याच जोमाने उगवलं आणि पेरणाऱ्याच्या हातात राहिलं नाही.

दहा डॉलरची गोष्ट

डोनाल्ड वोलहाइम हा न्यूयॉर्कचा तरुण. १९३४च्या जानेवारी अंकात 'वंडर स्टोरीज'ने त्याची पहिली कथा छापली, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मानधन ठरलं होतं दहा डॉलर. ते आलं नाही. त्याने विचारलं, पुन्हा विचारलं, मग इतर लेखकांना पत्रं टाकली. कळलं की पैसे थकलेला आपण एकटाच नाही. त्याने अशा लेखकांना एकत्र केलं, वकील गाठला आणि गर्न्सबॅककडून तडजोडीने रक्कम वसूल केली. पोराच्या जिद्दीचं कौतुक वाटतं. मासिकाच्या मालकाला ते वाटणं शक्य नव्हतं.

१९३५ साली लीगने तिघांना काढून टाकल्याचं मासिकातच छापून जाहीर केलं. एक वोलहाइम. दुसरा त्याचा मित्र जॉन मिशेल. तिसरा विल्यम सायकोरा. या तिसऱ्या नावाखाली रेघ मारून ठेवा. चार वर्षांनी कॅरॅव्हॅन हॉलमध्ये वोलहाइम आणि मिशेल दाराबाहेर असतील आणि सायकोरा आत, आयोजकांमध्ये.

पहिलं संमेलन कुठलं?

ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कचे काही चाहते रेल्वेने फिलाडेल्फियाला गेले. तिथल्या मिल्टन रॉथमनच्या घरी दोन्ही गावांची पोरं जमली, गप्पा झाल्या, आणि त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं की हे विज्ञानकथेचं पहिलं संमेलन. कामकाजाची टिपणं फ्रेडरिक पोलने घेतली. ती पुढे हरवली. सगळे मिळून डझनभर.

३ जानेवारी १९३७ ला लीड्सच्या थिऑसॉफिकल हॉलमध्ये इंग्रज चाहते जमले. हेही वीसच्या आतबाहेर. पण सभागृह घेतलेलं, आधी रीतसर आमंत्रणं गेलेली, बैठकीत एक संघटनाही स्थापन झाली. हजर असलेल्यांत एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क होता. लीड्सचा बेत आधीपासून ठरलेला होता आणि त्याला मागे टाकायला अमेरिकनांनी घाईघाईने फिलाडेल्फियाची वारी काढली, असंही बोललं जातं. पहिलं कोण, यावर दोन्ही देशांतले चाहते अजून भांडतात. माझं मत विचाराल तर घरी जमलेल्या बैठकीला संमेलन म्हणायचं झालं तर आमच्या आळीत दर कोजागिरीला संमेलन भरतं. मला लीड्सचं पारडं जड वाटतं.

पण भांडणाची नाळ फिलाडेल्फियाच्या बाजूला जोडलेली आहे. फेब्रुवारी १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, ॲस्टोरियातल्या बोहेमियन हॉलमध्ये पुढचा मेळावा झाला. चाळीसेक माणसं आली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कात 'वर्ल्ड्स फेअर' भरणार हे तोवर जाहीर झालं होतं आणि त्या प्रदर्शनाचा विषयच मुळी 'उद्याचं जग' असा होता. वोलहाइमने सूचना मांडली: त्याच सुमारास आपलंही जागतिक संमेलन भरवू. सूचना सगळ्यांना पटली. तयारीसाठी समितीही नेमली गेली.

'जागतिक' हा शब्द म्हणजे वर्ल्ड्स फेअरवरून उचललेला उसना मोठेपणा. आजही ते संमेलन 'वर्ल्डकॉन' म्हणूनच ओळखलं जातं.

हे सगळं कशासाठी वाचायचं?

इथून पुढचे तपशील कंटाळवाणे आहेत: कोण कुठल्या मंडळातून फुटला, कुणी कुणाचं मंडळ बरखास्त केलं. मी ते बरेचसे गाळतोय. पण भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र खरा होता.

सायकोराचं म्हणणं, हे साहित्य वाचून माणसाने विज्ञानाकडे वळावं. गर्न्सबॅकही हेच सांगत आला होता. सायकोरा स्वतः प्रयोग करणारा, पत्रं घेऊन उडणारे रॉकेट सोडून बघणारा. मंडळात नुसत्या कथांच्या गप्पा होतात याचा त्याला वैताग.

मिशेल आणि वोलहाइमचं म्हणणं वेगळं. मंदीने घरं पोखरली आहेत, जर्मनी-इटलीत फॅसिस्ट आहेत, स्पेनमध्ये युद्ध पेटलंय. उद्याच्या जगाची स्वप्नं बघणाऱ्यांनी ते जग घडवायला राजकारणात उतरायला नको का? मिशेल तर कम्युनिस्ट युवक संघटनेतला. १९३७च्या ऑक्टोबरअखेर फिलाडेल्फियात त्याचं 'उत्परिवर्तन किंवा मृत्यू' अशा आशयाचं जहाल भाषण झालं. मिशेल अडखळत बोलायचा म्हणून वाचलं ते वोलहाइमने. सोबतचा ठराव सभेने फेटाळला. पण या विचाराला 'मिशेलिझम' असं नाव मात्र पडलं.

तिसरा सॅम मॉस्कोविट्झ, न्यू जर्सीतल्या नेवार्कचा. त्याला विज्ञान नको होतं, क्रांतीही नको होती. त्याला हव्या होत्या कथा, मासिकं, चित्रं, जुने अंक आणि ते जमवणारी माणसं. चाहत्याने चाहता असावं, संपलं.

तिघांपैकी कुणाचं बरोबर, हा या प्रकरणाचा विषय नाही. गंमत अशी की या भांडणात सायकोरा आणि मॉस्कोविट्झ यांची मतं जुळत नसूनही ते एकत्र आले, कारण दोघांचा शत्रू एक. सायकोराचा राग तर जुना होता. तो ज्या संघटनेचा अध्यक्ष होता तिचा त्याने राजीनामा दिला आणि मागे राहिलेल्या वोलहाइमने १९३७ मध्ये ती संघटनाच गुंडाळली. एकाच दाराबाहेर एकत्र फेकले गेलेले दोन मित्र दोन वर्षांत एकमेकांचं तोंड बघेनासे झाले.

मे १९३८ मध्ये सायकोरा आणि मॉस्कोविट्झने नेवार्कला मेळावा भरवला. शंभरावर लोक आले. तोवर एवढी गर्दी कुणी बघितली नव्हती, आणि जॉन कॅम्पबेलसारखे व्यावसायिक संपादकही हजर होते. तिथून १९३९च्या संमेलनाची सूत्रं वोलहाइमच्या गटाकडून निसटली. मॉस्कोविट्झ, सायकोरा आणि जेम्स टॉरासी या त्रिकुटाने 'न्यू फॅन्डम' नावाची संघटना काढली आणि आयोजन अंगावर घेतलं. सप्टेंबर १९३८ मध्ये वोलहाइमच्या कंपूने 'फ्युचरियन सोसायटी ऑफ न्यूयॉर्क' स्थापन केली. पहिल्या काही सदस्यांमध्ये ब्रुकलिनमधल्या मिठाईच्या दुकानदाराचा मुलगा होता, आयझॅक असिमोव्ह.

इथे एक कबूल करायला हवं. जागतिक संमेलनासाठी सभागृह मिळवणं, संपादकांच्या मागे लागून लिलावासाठी मूळ चित्रं मिळवणं, पाहुणे ठरवणं, देशभर पत्रं धाडणं ही सगळी हमाली न्यू फॅन्डमने केली. कल्पना वोलहाइमची, घाम दुसऱ्यांचा. संमेलन आमचं, असं दोन्ही बाजूंना मनापासून वाटत होतं आणि दोघांकडेही त्याला कारण होतं.

पिवळी पत्रकं

२ जुलैची सकाळ. लोक जमायला लागलेत. लॉस एंजेलिसहून आलेला अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी तिथल्याच फॉरेस्ट ॲकरमन या चाहत्याकडून उसने पैसे घेऊन अख्खा देश बसने ओलांडून पोचलाय. काखेत चित्रकार हॅनेस बॉकच्या चित्रांची चळत, ती संपादकांना दाखवायची आहेत. स्वतःची एकही कथा अजून विकली गेलेली नाही. शिकागो, टेक्सास, कॅलिफोर्नियाहून आलेले चेहरे ज्यांची फक्त अक्षरं ठाऊक होती त्यांना शोधतायत.

डेव्हिड काइल हा फ्युचरियनांच्या बाजूचा एक तरुण. तो मॉन्टिसेलोचा. त्याने एक चार पानी पत्रक छापून आणलं होतं, पिवळ्या रंगाचं. मजकूर असा की हे संमेलन एका टोळक्याच्या हातात गेलंय, हुकूमशाहीपासून सावध राहा, सभेत मोकळी चर्चा मागा. १९३९च्या उन्हाळ्यात 'हुकूमशाही' हा शब्द वापरणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

यातलं एक पत्रक मॉस्कोविट्झच्या हाती लागलं. मग शोधाशोध झाली आणि सभागृहाच्या रेडिएटरखाली लपवून ठेवलेला गठ्ठा सापडला. तेवढ्यात वोलहाइम आणि त्याचे साथीदार दाराशी आले.

आता मॉस्कोविट्झच्या जागी उभं राहून बघू. वय एकोणीस. खिशात संस्थेची घटना नाही, कारण ती कुणी लिहिलेलीच नाही. सभासदत्वाचे नियम नाहीत. कुणाला प्रवेश नाकारता येतो, कुणी नाकारायचा, नाकारला तर दाद कुठे मागायची, कागदावर एक ओळ नाही. आत 'टाइम' साप्ताहिक दखल घेईल असा समारंभ. व्यावसायिक संपादक पहिल्यांदाच या पोरखेळाकडे गंभीरपणे बघायच्या बेतात. आणि हातात एक गठ्ठा, जो बघून वाटतं की सभा उधळायचा कट शिजलाय.

मॉस्कोविट्झने पुढे स्वतःच लिहिलेल्या इतिहासानुसार, आत काही गडबड करणार नाही असा शब्द द्या आणि या, असं त्याने त्यांना सांगितलं. सहाजणांनी शब्द द्यायचं नाकारलं: वोलहाइम, मिशेल, पोल, रॉबर्ट लाउंड्स, जॅक गिलेस्पी आणि आज सोळा पूर्ण झालेला सिरिल कॉर्नब्लुथ. सहाही जणांना बाहेर ठेवण्यात आलं.

आता खरी मेख. ते पत्रक या सहांपैकी एकानेही लिहिलं नव्हतं. लिहिलं, छापलं आणि आणलं ते काइलने, आणि काइल आत बसला होता. इतरांना त्याची पूर्वकल्पना नव्हती, हे सगळं आपलं एकट्याचं काम होतं, असं त्याने पुढे सांगितलं. म्हणजे ज्या पुराव्यावर शिक्षा झाली तो पुरावा सहांविरुद्ध नव्हताच, आणि ज्याच्याविरुद्ध होता त्याला खुर्ची मिळाली होती.

कॉलेजात असताना एका एकांकिका स्पर्धेच्या दारावर बिल्ले तपासायला मी उभा राहिलोय. तिथला अनुभव असा की दारावरचा माणूस गुन्हा बघत नाही, चेहरा बघतो. गेल्या वर्षी ज्याने गोंधळ घातला होता त्याच्याकडे पास असला तरी तो आपल्याला खोटा वाटतो.

आणि तरीही मॉस्कोविट्झची बाजू पोकळ नव्हती. वोलहाइमच्या गटाचा लौकिक सभा गाजवण्याचाच होता. संघटना फोडणं, बरखास्त करणं, ठराव घुसवणं यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पोलने पुढे लिहिलेल्या आठवणींत हे जवळजवळ कबूलच केलंय. आम्ही तुमच्याहून शहाणे आहोत हे आम्ही इतरांना पदोपदी जाणवून द्यायचो आणि का कोण जाणे, त्याचा त्यांना राग यायचा, अशा तिरकस शब्दांत.

आत

असिमोव्हही फ्युचरियनच. पण तो दारातून सरळ आत गेला, कुणी अडवलं नाही. आत कॅम्पबेल होता, जॅक विल्यमसन होता, लेखक-संपादकांची मांदियाळी होती. त्याच्या मोजक्या कथा नुकत्या छापून आलेल्या, त्यामुळे लेखक म्हणून व्यासपीठावर त्याचं नावही पुकारलं गेलं. मित्र बाहेर आणि आपण आत टाळ्या घेतोय, ही टोचणी त्याने आयुष्यभर बाळगली आणि आत्मचरित्रात लपवलीही नाही. तो उठून बाहेर का गेला नाही? एकोणिसाव्या वर्षी आपल्या दैवतांच्या खोलीतून उठून बाहेर जायला जे लागतं ते फार थोड्यांकडे असतं. मला त्याला दोष देववत नाही.

सन्माननीय पाहुणा होता चित्रकार फ्रँक आर. पॉल. लेखक नाही, संपादक नाही, ज्याच्या मुखपृष्ठांनी या पोरांना पहिल्यांदा मासिकाच्या दुकानापुढे खिळवलं तो पंचावन्न वर्षांचा माणूस. ही निवड मला फार आवडते. या पोरांना आपलं ऋण कुणाचं आहे हे नेमकं ठाऊक होतं.

लोक आले सुमारे दोनशे. 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट दाखवला गेला. मूळ चित्रांचा लिलाव झाला. आज त्यांच्या किमती ऐकून छाती दडपेल, तेव्हा किरकोळ पैशांत गेली. पॉलच्या सन्मानार्थ जेवण ठेवलं होतं, माणशी एक डॉलर. दोनशेतले तीसेकच जेवायला बसले, कारण डॉलर ही मंदीतल्या पोरासाठी मोठी रक्कम होती. ४ जुलैला तर चक्क सॉफ्टबॉलचा सामना झाला. क्वीन्सच्या संघाने फिलाडेल्फियावर २३-११ अशी मात केली.

पण त्या सभागृहातली सगळ्यांत दूरगामी गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत नव्हतीच. ॲकरमन आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस भविष्यातले कपडे घालून आले होते. हिरवा झगा, तंग विजारी, पॉलच्या चित्रांतून आणि त्या दशकातल्या एका भविष्यपटातून उचललेला थाट. दोघांचे कपडे मर्टलने स्वतः बेतले आणि शिवले. तिला सगळे 'मोरोजो' म्हणत. दोघंही एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचे भक्त, आणि हे नाव तिच्या आद्याक्षरांचे एस्पेरांतोतले उच्चार जोडून झालेलं. दोनशे माणसांत वेश करून आलेली ही दोनच. पुढच्या वर्षी शिकागोत वेशभूषेचा रीतसर कार्यक्रमच ठेवला गेला. आज जगभर लाखो पोरंपोरी जे कॉस्प्ले करतात त्याची गंगोत्री त्या शिवणयंत्राशी जाते. बहुतेक लेखांत मात्र नाव ॲकरमनचं आधी येतं, कधी कधी एकट्याचंच. शिवणारीचं नाव विसरायची खोड सगळीकडे सारखीच.

बाहेर

सहाजण निघून गेले नाहीत. आसपास रेंगाळत राहिले, आणि परगावचे चाहते अधूनमधून त्यांना येऊन भेटत राहिले. कारण सरळ होतं. लॉस एंजेलिसच्या किंवा शिकागोच्या माणसाला न्यूयॉर्कच्या दोन गटांच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला त्यांना बघायला तो आला होता, आणि त्यांतले सहाजण फुटपाथवर होते. साहित्य संमेलनाच्या मांडवामागे चहाच्या टपरीवर खरं संमेलन भरतं, हे आपल्याला सांगायला नको.

निकाल कुणाच्या बाजूने?

तात्पुरता विचार केला तर मॉस्कोविट्झच्या. संमेलन बिनबोभाट पार पडलं, 'टाइम'ने बातमी दिली, संपादक खूश होऊन गेले. आतला गोंधळ टाळायचा हाच हेतू असेल तर तो साधला.

पण दारापुरतं जिंकून मैदान हरायचं म्हणजे काय, ते पुढच्या दोन वर्षांत दिसलं. १९४० च्या सुरुवातीला फ्रेडरिक पोल, वय वीस, याने संपादित केलेली दोन व्यावसायिक मासिकं बाजारात आली. १९४१ मध्ये वोलहाइमच्या हाती दोन मासिकं आली. लाउंड्सही संपादकाच्या खुर्चीत बसला. अडवलेल्या सहांतले तिघे दोन वर्षांच्या आत व्यवसायाच्या दारावर उभे होते, आता आत कोण येणार हे ठरवायला. या मासिकांकडे पैसे जवळजवळ नव्हते, त्यामुळे अंक भरायला फ्युचरियन मित्रच टोपणनावांनी लिहीत. कॉर्नब्लुथ तर ढिगाने. मॉस्कोविट्झने आपली बाजू मांडणारा सविस्तर इतिहास लिहिला आणि तो आजही वाचला जातो. पण त्यातले खलनायक पुढे या साहित्याचे कारभारी झाल्याने वाचणारा सावधपणेच वाचतो.

संमेलनाचंही बघा. १९४० साली ते शिकागोला गेलं, न्यूयॉर्कच्या दोन्ही गटांच्या हाताबाहेर. १९४१ला डेन्व्हर, मग महायुद्धाची खोट, १९४६ला लॉस एंजेलिस. दर वर्षी नवं गाव, नवे आयोजक, आणि पुढचं गाव निवडणार जमलेले सभासद. जागतिक विज्ञानकथा संस्थेची घटना, प्रवेशाचे आणि मतदानाचे नियम, ह्यूगो पारितोषिकं (गर्न्सबॅकच्या नावाची, १९५३ पासून) हे सगळं पुढे सावकाश रचलं गेलं. फिरतं ठेवल्यामुळे एक साधलं: कुठल्याही एका टोळक्याला दारावर दोन वर्षं सलग उभं राहता आलं नाही. हे कुणी २ जुलैचा धडा घेऊन आखलं असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण अमुक माणूस नको, असं संमेलनात कुणी म्हणालं की आजही १९३९चा दाखला निघतोच.

मॉस्कोविट्झपुढे दुसरा मार्ग होता का? होता, आणि तो फार हुशारीचाही नव्हता. पत्रकं जप्त करून सहांना आत घ्यायचं आणि गडबड झाली तर बाहेर काढायचं. दोनशे लोकांनी डोळ्यांनी बघितलेल्या गोंधळाची शिक्षा कुणालाही समजली असती. न घडलेल्या गोंधळाची शिक्षा नव्वद वर्षं होत आली तरी समजावून सांगावी लागतेय. अर्थात हे खुर्चीत बसून सुचतं. दारात उभं असताना मागून लोक ढकलत असतात.

वोलहाइमला १९८८च्या जागतिक संमेलनाने सन्माननीय पाहुणा म्हणून बोलावलं. पोलला तो मान त्याच्या आधीच, १९७२ मध्ये मिळाला होता. कॉर्नब्लुथला मिळायचा राहिला. तो १९५८ मध्ये पस्तिशीच्या आतच गेला.

आणि पिवळ्या पत्रकाचा कर्ता? १९५६ साली जागतिक संमेलन पुन्हा न्यूयॉर्कात आलं तेव्हा अध्यक्ष होता डेव्हिड काइल. सन्माननीय पाहुणा आर्थर क्लार्क, लीड्सच्या बैठकीतला तोच. मेजवानीचे पैसे न भरलेले काहीजण नुसती भाषणं ऐकायला सज्जात जाऊन बसले. त्यांना उठवायला निरोप आला, आणि तो निरोप चाहत्यांच्या तोंडी म्हणीसारखा बसला तो कायमचा: "डेव्ह काइल म्हणतो, इथे बसायचं नाही."